आश्रित आणि पारख

दया करावी असे शास्त्र सांगते, संतही तेच सांगतात. पण दया पारखून करावी काय? हा प्रश्न गेल्या पौषात आमच्या बार्शीटाकळीच्या घरी उभा राहिला, आणि तो उभा केला एका कुत्र्याने.

हकिगत अशी. माझा नातू व नात पोलीसभरतीसाठी रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर धावतात. त्यांना सोबतीला कुत्रा हवा होता. टाकून दिलेली कुत्री सांभाळणारे एक गृहस्थ अकोल्यास आहेत. त्यांच्याकडे एक कुत्रा होता. उंच पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, निमुळते तोंड. बाप कारवान, आई गल्लीतली. एका घराने त्याला हौसेने नेले आणि पंधरा दिवसांत परत आणून बांधले, कारण त्याने कोंबडीचे पिल्लू मारले.

नात म्हणाली, "आबाजी, त्याले आपुन आणू. दोनदा टाकलं ना बिचाऱ्याले!"

मी म्हणालो, "माळकऱ्याच्या घरात कुत्रं? तुळशीवृंदावनाला शिवेल."

नातू खाली पाहून हळूच बोलला, "नामदेवाची गोष्ट तं तुमीच सांगता ना, आबाजी?"

मी गप्प झालो. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा मी चाळीस वर्षे सांगत आलो. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. आणि मंडपात कुत्रे शिरले की काठी उगारणाराही मीच!

आता पूर्वपक्ष ऐका. कोणी म्हणेल, भगवंतांनी गीतेच्या पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक एका ओळीत बसवले. मग कुत्र्यात तरी कारवान कोणता, गावठी कोणता, हे पाहण्याचे कारण काय? समोर आला तो उचलावा.

याला उत्तर जुन्या पंडितांनी देऊन ठेवले आहे: समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे. हत्तीत आणि गाईत एकच हरी पाहावा, पण हत्तीला गाईच्या दावणीला बांधू नये. ज्याचा जो स्वभाव, तो ओळखून त्याला वागवणे हीच त्याची पूजा.

मग या प्राण्याचा स्वभाव काय? मी अकोल्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, चार जाणत्यांशी बोललो. तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर दख्खनेत आलेला म्हणून हा कारवान, अशी समजूत आहे. लांब केसांचा तो पश्मी. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली म्हणून मुधोळ असेही नाव पडले. सन 2005 मध्ये त्याचे टपाल तिकीट निघाले. बहुतेक कुत्री वासावर शिकार काढतात, हा नजरेवर काढतो. दूर काही हलले की सुटलाच, मग हाकेला कान नाही. पूर्वी त्याला सशामागे सोडीत. पुढे वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. आमच्या तालुक्याला लागून काटेपूर्णा अभयारण्य आहे, तिथे चौसिंगा आहे. पण कायदा माणसाला कळतो, कुत्र्याच्या डोळ्याला कळत नाही. तेव्हा कुंपण नसलेल्या शिवारात त्याला मोकळा सोडणे हे त्याच्यावरही संकट आणि सशावरही.

आणखी ऐका. धावणारे कुत्रे म्हणून दिवसभर दंगा करील, हा समज खोटा. सकाळ-संध्याकाळ अंग मोकळे झाले की तो ओसरीवर निजून राहतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून पौषाची थंडी त्याला बोचते. गोणपाट अंथरावे लागते. वैशाखात आमच्याकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा तापल्या डांबरावर पंजे भाजतात, फिरवणे सूर्योदयाआधीच. खोल छातीच्या कुत्र्याचे पोट कधी फुगून पिळा पडतो आणि जीवावर बेतते, म्हणून जेवल्या जेवल्या पळवू नये. परक्याने एकदम अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. रेबीजची लस दरवर्षी टोचावी, नसबंदी करावी. शेजारी कोंबड्या-शेळ्या असतील तर साखळी हातातच हवी. ज्या घराने तो परत केला त्या घरी कोंबड्या होत्या. त्यांनी दया केली, पण पारख केली नाही. त्या दयेचे फळ कुत्र्याला भोगावे लागले.

राहिला अन्नाचा प्रश्न, आणि तो माझ्या घशात अडकला. कुत्रा भाकरी पचवतो, पण नुसत्या भाकरीवर असे धावणारे अंग टिकत नाही. डॉक्टर म्हणाले, डाळ, दही द्या, आणि उकडलेले अंडे मिळाले तर उत्तम. कांदा-लसूण नको, आणि प्रसादातला बेदाणा तर त्याला विषच, मूत्रपिंडे जातात. बेदाण्याचे मी लगेच मान्य केले. अंड्याचे काय? रात्रभर विचार केला. माळ मी माझ्या गळ्यात घातली, माझ्या जिभेला नेम घातला. त्या मुक्याने कुणाकडून माळ घेतली आहे? माझ्या नेमाचे पुण्य मला आणि उपास त्याला, हा कोणता धर्म? माझ्या घरात अंडे शिजणार नाही हे खरे. पण शेजारच्या बाईंनी आपल्या चुलीवर उकडून आमच्या अंगणाच्या कडेला त्याला घातले, तेव्हा मी हरकत घेतली नाही. कोणाला हे पटणार नाही. त्यांचा नेम मोठा, मी त्यांना नमस्कार करतो.

एवढी पारख झाल्यावर मी मुलांना एकच अट घातली. "आणायचा की नाही, आजच ठरवा. उद्या हा चुकला, आजारी पडला, तुमची भरती झाली, तरी परत न्यायचा नाही."

ही अट माझी नाही, महाभारताची आहे. त्या ग्रंथाच्या आरंभीच जनमेजयाच्या यज्ञात सरमेचे निरपराध पिल्लू मार खाते आणि सरमा शाप देते. शेवटी धर्मराजापुढे स्वर्गाचा रथ उभा असतो, इंद्र म्हणतो कुत्रा सोड, आणि धर्मराजा म्हणतो, आश्रिताला टाकून मला स्वर्ग नको. एका टोकाला मारलेला कुत्रा, दुसऱ्या टोकाला न टाकलेला. मधे सगळा धर्माधर्माचा विचार. धर्मराजाने रथाशी आल्यावर कुत्र्याची पारख केली नाही. पत्करल्यावर पारख उरत नाही.

गुरू करताना आपण हेच करतो ना? माळ घालण्यापूर्वी हवे तेवढे पारखावे. घातल्यावर रोज तपासत बसला तो ना गुरूचा, ना स्वतःचा. तेव्हा दया पारखून करावी काय, याचे उत्तर मला असे दिसते: पारख आधी करावी, आणि ती कुत्र्याइतकीच आपल्या घराचीही करावी. वेळ किती, अंगण केवढे, धीर किती? हात पुढे केल्यावर मात्र मागे घेऊ नये.

कुत्रा आला. नात त्याला पवन म्हणते. पहाटे तिघे धावत जातात, तेव्हा माझा काकडा चाललेला असतो. यंदा आषाढीला घरातले सगळे निघणार होते. पवनजवळ कोण, हे मला विचारावे लागले नाही. नातू म्हणाला, "मी राह्यतो, आबाजी. माही वारी इथंच."

मी त्याला बुक्का लावला. राम कृष्ण हरी.