गाणाऱ्यासाठी एक खुर्ची

काही वर्षांपूर्वीचा गणेशोत्सव. नामपूरला आमच्या मंडळाने पहिल्यांदाच ऑर्केस्ट्रा ठरवला होता. चाळीतल्या कांद्याला त्या वर्षी बरा भाव मिळाला, त्यामुळे वर्गणीही बरी जमली. सुपारी मी दिली, इसारही माझ्याच हातून गेला. म्हणजे कार्यक्रम पडला असता तर शिव्या मलाच बसल्या असत्या.

संध्याकाळी गाडी आली. गायक उतरला तेव्हा त्याच्या हाताच्या पाठीवर सलाइनच्या सुईची पट्टी होती. डेंग्यू झाला होता. दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यातून सुटी मिळालेली. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "दादा, मधली तीन-चार गाणी बसून म्हटली तर चालतील का?"

मी म्हणालो, "बसून कसं चालेल? पब्लिक ऐकणार नाही."

तो उभा राहून गायला. अडीच तास. तिसऱ्या गाण्यानंतर घामाने निथळत होता. पुढच्या रांगेत बसलेली एक आजी मागे वळून पोरांना म्हणाली, "पोऱ्या आजारी दिखस, त्याले बसू द्या रे." पोरं हसली. 'वन्स मोअर' सुरूच राहिलं. त्यात माझाही आवाज होता.

कार्यक्रम संपल्यावर मंचामागे त्याला उलटी झाली. मी त्याला पाण्याची बाटली दिली, ठरलेले पैसे दिले, आणि घरी येऊन रील टाकलं. खाली लिहिलं, 'अंगात ताप, तरी गाणं थांबलं नाही. सलाम!' माझ्या कुठल्याही रीलला मिळाले नसतील इतके लाइक त्याला मिळाले.

त्यानंतर बरेच महिने मी ते रील अभिमानाने दाखवत होतो. मग एके दिवशी दाखवता दाखवता लक्षात आलं, की हा सलाम मी कशाला ठोकतोय? त्याच्या जिद्दीला, की त्याला खुर्ची नाकारणाऱ्या माझ्या निर्णयाला?

यावर सरळ उत्तर असं, की तो स्वतः तयार झाला होता. सज्ञान माणूस आहे, कोणी मारून-मुटकून गायला लावलं नाही. शिवाय गाणं हाच ज्याचा श्वास, त्याला आजाराच्या नावाखाली गप्प बसवणारे आपण कोण? हे उत्तर अगदीच खोटं नाही. काही लोक गाण्यानेच बरे होतात. पण त्याने माझ्याकडे गाणं थांबवायची परवानगी मागितली नव्हती. खुर्ची मागितली होती. आणि 'हो' म्हणताना इसाराचे पैसे त्याने आधीच खर्च केले होते. कदाचित दवाखान्यातच. 'नाही' म्हणायला ज्याला जागाच नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणायचं का?

आजारपणात मंच न सोडणाऱ्या कलाकाराचा विषय निघाला की आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांचं नाव येतंच. दिवस भरलेले असताना त्या तमाशात नाचत होत्या. कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर आल्या, अशी ती गोष्ट सांगितली जाते. आपण ती सांगतो आणि इथेच थांबतो, टाळी घेऊन.

पण गोष्ट पुढेही आहे. विठाबाईंचं पोट रिकामं दिसल्यावर प्रेक्षक चरकले, त्यांनी चौकशी केली आणि खेळ थांबवायला लावला. बाई, आता विश्रांती घ्या, म्हणाले. म्हणजे त्या रात्री मोठेपण एकट्या विठाबाईंचं नव्हतं. तिकीट काढून आलेल्या, करमणुकीला हपापलेल्या लोकांचंही होतं. हा शेवट आपण का विसरतो? कारण विठाबाईंची हिंमत ऐकून आपल्याला काहीच करावं लागत नाही. प्रेक्षकांची गोष्ट ऐकली की करावं लागतं.

त्या मंचावर परत का आल्या, हेही आपण विचारत नाही. तमाशात हंगामाआधी कलाकार उचल घेतात आणि हंगामभर नाचून-गाऊन फेडतात. एक खेळ बुडाला की फडावरच्या सगळ्यांच्या पोटाला चिमटा बसतो. राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवसही ओढग्रस्तीत गेले. 2002 साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार हवाच. पण बाळंतपणाची रजा त्याहून आधी हवी होती.

याउलट कुमार गंधर्व. विशीत नाव झालेला हा गायक 1948 साली देवासला राहायला गेला तो क्षयरोग घेऊन. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाच-सहा वर्षं ते गायले नाहीत. अंथरुणावर पडून रस्त्यावरून जाणाऱ्यांची माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. 1953 च्या सुमारास ते मैफलीत परतले तेव्हा एक फुफ्फुस जवळपास निकामी झालेलं होतं. तरी त्यांचं मोठं गाणं त्यानंतरचंच. थांबल्यामुळे ते संपले नाहीत. पण ते थांबू शकले, कारण पत्नी भानुमतीताईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं, शुश्रूषा केली. एका माणसाच्या थांबण्याची किंमत दुसऱ्या माणसाने मोजली.

आणि एक उदाहरण रॉकचं. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच त्याने पहिला बँड काढला. 'क्वीन'सोबतचा त्याचा शेवटचा कार्यक्रम 9 ऑगस्ट 1986 चा. पुढे एड्सने शरीर पोखरत गेलं तेव्हा बँडने दौरे बंद ठेवले. गाणं मात्र बंद झालं नाही. तब्येत साथ देईल तेव्हा तो स्टुडिओत येऊन गायचा, आणि 24 नोव्हेंबर 1991 ला जाईपर्यंत दोन अल्बम बाहेर आले. म्हणजे 'गायचं की नाही' एवढाच प्रश्न नसतो. कुठे, किती, कसं गायचं हेही गाणाऱ्याला ठरवता यायला हवं. फ्रेडीला ते ठरवता आलं. त्याच्याकडे पैसा होता, आणि थांबायला तयार असलेले सोबती होते.

आमच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे यातलं काय होतं? तो थांबला असता तर ढोलकीवाला, कीबोर्डवाला, लाइटवाला, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांची त्या रात्रीची मजुरी गेली असती. म्हणून 'आजारी आहेस तर गाऊ नको' एवढा उपदेश करून चालत नाही. तो फुकटचा चांगुलपणा झाला. खरा प्रश्न असा, की तो थांबला तर नुकसान कोणी सोसायचं? आजवर उत्तर ठरलेलं आहे: ज्याच्या अंगात ताप आहे त्याने. त्यालाच आपण जिद्द म्हणतो.

पुढच्या वर्षी मी त्याला फोन केला. भावाने उचलला. म्हणाला, "तो आता कार्यक्रम करत नाही." का, ते सांगितलं नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही. त्या रात्रीमुळेच असेल असं मी म्हणत नाही. नसेलच, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. रील मात्र मी काढून टाकलं.

यंदा मंडळाच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. कलाकार आजारी पडला तर इसार परत मागायचा नाही, आणि सोबतच्या लोकांना निम्मी मजुरी मंडळाने द्यायची. एकाने विचारलं, "आणि तो खोटं बोलला तर?" मी म्हणालो, "तर आपले काही हजार जातील." बराच वेळ वाद झाला. शेवटी इसाराचं मान्य झालं, मजुरीचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार आहे.

तिसरी गोष्ट मी कोणाला न विचारता केली. कार्यक्रमाच्या दिवशी घरातली एक प्लास्टिकची खुर्ची नेऊन माइकच्या शेजारी ठेवली.