कांद्याची चाळ आणि मनुष्याची सवय

नव्या शोधांनी मनुष्य सुधारतो काय? हा प्रश्न केवळ विद्वानांचा आहे असे कोणी समजू नये. ज्याच्या दारी कांद्याची चाळ उभी आहे, त्या चांदवड तालुक्यातील शेतकऱ्यापुढेही तो दरवर्षी येतो.

प्रथम चाळीची रचना पाहा. तिचा तळ जमिनीपासून उंच, बाजूंच्या पट्ट्यांमध्ये फटी, आणि छप्पर चोहोकडे बाहेर आलेले. हे असे का? कांदा उपटला तरी तो जिवंतच असतो. तो श्वास घेतो, व त्यातून ऊब आणि ओल बाहेर पडते. ती ओल वाऱ्याने वाहून नेली नाही, तर रास आतून सडते. म्हणून वारा आत यावा आणि ऊनपाऊस बाहेर राहावा, अशी ही योजना आहे. तिच्यामुळे उन्हाळ कांदा चार-पाच महिने टिकू शकतो. ही विद्या होय. आणि खरी विद्या देवाचीच देणगी आहे.

विद्या येथेच थांबली नाही. चांदवडच्या दक्षिणेस लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या आरंभी किरणांचे एक केंद्र उभारले. तेथे कोबाल्ट नामक धातूपासून निघणारे अदृश्य किरण कांद्यावर सोडले, म्हणजे त्याला मोड येत नाहीत. याच केंद्रातून २००७ साली किरण दिलेले आंबे अमेरिकेस गेले.

अशा गोष्टींची भीती बाळगणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. ती भीती व्यर्थ होती, हे पुढे त्याच शेतकऱ्यांच्या शेतांनी सिद्ध केले.

परंतु भीतीच्या पलीकडे दुसरा एक खड्डा आहे, तो आंधळ्या भरवशाचा. किरण मोड थांबवितात. सड थांबवीत नाहीत. जो कांदा ओला असताच भरला, ज्याची मान जाड राहिली, ज्याला काढणीत घाव लागला, तो किरणांनीही वाचत नाही. तो वाचविणारी गोष्ट निराळी आहे. शेतात पातीखाली सुकविणे, पात कापताना थोडी मान राखणे, सावलीत पुन्हा सुकविणे, जोड व डेंगळे निवडून काढणे, ही ती गोष्ट. हे काम दिवस मावळताना, अंग थकलेले असता, कोणी पाहत नसता करावे लागते. चाळ चांगला कांदा राखते. वाईटाचा चांगला करीत नाही. उलट, कोंडलेला एक नासका कांदा शेजारच्या दहांस नासवितो.

येथे गरिबावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भाव पडला तर तो शेतकऱ्याचा आळस नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा याच चांदवडला मुंबई-आग्रा रस्त्यावर शेतकरी जमले. त्यांत चार महिने नेमाने राबलेले हातही होते. चांगली सवय नफ्याची हमी देत नाही. मग ती का धरावी? कारण बाजार आपल्या हाती नाही, पण आपला हात आपल्या हाती आहे. वर निवडक माल व खाली नासका, अशी ट्रॉली भरण्याचा मोह पडत्या भावातच अधिक होतो. त्या वेळी राखलेला सचोटीचा नेम हाच मनुष्याचा खरा साठा होय.

मिसर देशात योसेफाने कोठारे बांधली, हे आपण मुलांस शिकवितो. पण त्या देशाला केवळ कोठारांनी तारले काय? सुकाळाची सात वर्षे, दुष्काळाचे चिन्हही दिसत नसता, दर हंगामी पाचवा हिस्सा बाजूला काढला गेला. कोठार ही रचना, आणि पाचवा हिस्सा ही सवय. सवयीवाचून कोठार रिकामेच राहिले असते.

विद्याभ्यासाचेही असेच आहे. आज खेड्यातील तरुणाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये संपूर्ण पवित्र शास्त्र मावते. एके काळी एका प्रतीसाठी उपदेशक कोसच्या कोस चालत जात. त्या मानाने ही केवढी कृपा! पण ज्या घरी सायंकाळची प्रार्थना बंद पडली, त्या घरी हे शास्त्र खिशातच राहते. मूर्ख कुमारींच्या हाती दिवे होते. उणे होते ते तेल, आणि ते ऐन वेळी उसने मिळाले नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, नवी विद्या आनंदाने घ्या, मुलांस शिकवा, तिच्यासाठी देवाचे आभार माना. मात्र जे काम तिने करावयाचे नाही, ते तिच्यावर सोपवू नका. चाळ सुतार बांधून देईल, किरण शास्त्रज्ञ देतील; निवडण्याचे काम ज्याचे त्यानेच केले पाहिजे. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनाची रास एकदा चाळून पाहावी, आणि नासके ते धन्यासमोर बाहेर काढावे.