हेडमास्तर, सरपंच आणि संन्यासी

नेत्याने प्रसंग पाहून आपली शैली बदलावी, हा सल्ला व्यवस्थापनाच्या वर्गापासून पक्षाच्या शिबिरापर्यंत सगळीकडे दिला जातो. कधी कठोर व्हावे, कधी मायाळू. कधी हुकूम द्यावा, कधी ऐकून घ्यावे. सल्ल्यात वावगे काही नाही, फक्त तो पाळणारी माणसे सापडत नाहीत. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख यांच्याकडे पाहावे. दोघेही दोनदा मुख्यमंत्री झाले, दोघांचीही शैली उभ्या महाराष्ट्राला ठाऊक होती, आणि ती दोघांनाही सोडता आली नाही. शंकररावांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. फाईल, नियम आणि वेळ यांवर त्यांची श्रद्धा. पाटबंधाऱ्यांच्या कामात हा स्वभाव वरदान ठरला. धरण वर्षानुवर्षे रेटावे लागते, तिथे चिवटपणाच कामी येतो. कालव्याचे पाणी बारमाही उसापेक्षा आठमाही पिकांना द्यावे, ही भूमिका त्यांनी साखरपट्ट्याचा रोष पत्करून धरून ठेवली. हाच हेडमास्तर डिसेंबर 1992 मध्ये देशाचा गृहमंत्री होता. उत्तर प्रदेश सरकारने बाबरी मशिदीच्या रक्षणाची हमी न्यायालयापर्यंत दिलेली होती, केंद्राने तिच्यावर विसंबून राहणे पसंत केले. तो निर्णय एकट्या शंकररावांचा नव्हता, हे खरे. पण लिहून दिलेला शब्द पाळला जाईल, हा त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचाच पाया होता, आणि तो अशा माणसांसमोर उघडा पडला ज्यांना कागदाची पर्वा नव्हती.

विलासराव नेमके उलटे. बाभळगावचे सरपंच म्हणून सुरुवात केलेला हा माणूस चावडीवरची कला मंत्रालयात घेऊन आला. 1999 मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध निवडणूक लढून मग एकत्र सत्तेवर बसले. असे सरकार चालवायला सगळ्यांचे ऐकणारा, विनोदाने ताण हलका करणारा माणूसच हवा होता. 2002 साली आमदार फुटू लागले तेव्हा त्यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला, तोही माणसे सांभाळूनच. नोव्हेंबर 2008 मधल्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मात्र हाच सैलपणा अंगाशी आला. ताज हॉटेलच्या पाहणीत सोबत चित्रपट दिग्दर्शक दिसला आणि काही दिवसांत खुर्ची गेली. एरवी जो मोकळेपणा लोकांना आपलासा वाटे, तोच त्या दिवशी असंवेदनशील वाटला.

यावर कोणी म्हणेल, स्वामी रामानंद तीर्थ बदललेच की. गांधीमार्गी संन्यासी, आधी शाळामास्तर. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली तेव्हा ऑक्टोबर 1938 मध्ये त्यांनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. त्याच संघटनेने 1947-48 मध्ये निजामाच्या सरहद्दीवर सशस्त्र शिबिरे चालवली. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली ती 30 जानेवारी 1948 रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी. पण बारकाईने पाहिले तर स्वामीजी स्वतः बंदूकधारी सेनापती झाले नाहीत. त्या काळातला बराचसा वेळ ते निजामाच्या तुरुंगात होते. बाहेरचा कारभार कृती समिती पाहत होती, आणि तिचे सूत्रधार होते भोकरचे दिगंबरराव बिंदू. स्वामीजींचा स्वभाव होता तोच राहिला. आपल्याला न जमणारे काम दुसऱ्याला जमते हे मान्य करून त्यांनी त्याला जागा दिली, आणि नेतृत्व आपले असल्यामुळे त्या कामाचे ओझेही नाकारले नाही. हैदराबादच्या मुक्तीनंतर ते दोनदा लोकसभेत गेले, पण अखेर जीव रमला तो शिक्षणात. त्यांनी सुरू केलेले नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 चे. शैली बदलण्याचा आव न आणता माणसे बदलणे, ही कला मला त्या संन्याशात दिसते. ती सत्तेत मुरलेल्यांना अवघड जाते, कारण तिथे जागा देणे म्हणजे जागा गमावणे.

संकटात एवढी वाटणी करायला वेळ कुठे असतो, हा आक्षेप रास्त आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने कोसळला, तेव्हा मुख्यमंत्री शरद पवारांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी हुकमाची भाषा वापरली आणि ती योग्यच होती. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी ग्रामसभा भरवत नाहीत. प्रश्न हुकमाची मुदत कधी संपते हा आहे. 52 गावे नव्या जागी वसवताना सरळ रेषांचे रस्ते आखले गेले. गल्ली, भावकी, गोठा यांची जुनी वीण त्या चौकटीत बसली नाही आणि त्याबद्दलच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू आल्या. जिथे घरे जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे पुढे वेगळी वाट निघाली. हजाराहून अधिक गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. अनुदानाचा हप्ता कधी, भिंतीच्या कोपऱ्याला आणि पट्ट्याला मजबुती कशी, हे त्या घरोघरी सांगू लागल्या आणि घरोघरचे म्हणणे वर पोचवू लागल्या. इंजिनिअरला आज्ञा देता येत होती, पण दगडमातीचे माळवद पुन्हा डोक्यावर घेऊ नये हे घरमालकाला पटवणे आज्ञेने होण्यासारखे नव्हते.

2016 मध्ये लातूरला हुकूम आणि समजावणी हे दोन्ही धागे पुन्हा एकत्र आले. मांजरा धरण आटले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली. एप्रिलमध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. हुकूम पुन्हा यशस्वी झाला, कारण रेल्वे आणणे हुकमाचेच काम होते. पण त्या तहानेचे एक कारण मांजरा खोऱ्यातल्या उसात होते. त्याच खोऱ्यात विलासरावांनी उभा केलेला साखर कारखाना आहे, आणि ज्या आठमाही धोरणासाठी शंकरराव भांडले त्याची आठवण त्या उन्हाळ्यात अनेकांना झाली. दुष्काळ भूकंपासारखा पहाटे येत नाही, तो पाच-सात वर्षे चालत येतो. एवढ्या अवधीत हेडमास्तरची छडी पुरत नाही आणि सरपंचाचा हसरा समेटही. कारखान्याकडून ज्याला खात्रीचे बिल मिळते त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसणारे कोणी तिथे लागते, किल्लारीनंतर बसल्या होत्या तसे. पाऊस पडला, पाण्याची रेल्वे बंद झाली, आणि खोऱ्यात पुन्हा ऊस उभा राहिला.