पाणी न घालण्याचा पगार

आबांनी आयुष्यात कुणाचा फुकटचा पैसा घेतला नाही, आणि त्यापायीच ताईंची पाच झाडं मेली.

मुळशी धरणाच्या काठाला आमच्या भावकीची जमीन विकली गेली. तिथं पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापक ताईंनी बंगला बांधला आणि राखणीला आबांना ठेवलं. पडवीच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या: घायपात, कोरफड, चेंडूसारखे काटेरी निवडुंग. आबांना पहिल्या दिवशी हसू आलं. घायपात न् निवडुंग आमच्याकडं बांधावर, गुरं आत शिरू नयेत म्हणून. त्यांना कुणी तांब्याभर पाणी घातल्याचं ऐकिवात नाही. ते इथं रंगीत कुंडीत, पैसे मोजून आणलेले!

पण पगार सुरू झाला आणि हसू गेलं. पगार घ्यायचा तर काम दिसायला हवं. आबा रोज सकाळी बोअरचं पाणी झारीत भरून प्रत्येक कुंडीला घालत. "आबा, यांना रोज पाणी नको हं," ताई शनिवारी सांगायच्या. "बरं ताई," म्हणून आबा सोमवारी पुन्हा झारी उचलायचे. पानं मऊ, पाणचट पडली. आबांना वाटलं तहानलीत, त्यांनी पाणी वाढवलं. वैशाख होता, आणि आई त्याच वेळी दोन मैलांवरून डोक्यावर हंडा आणत होती. महिन्याभरात पाच रोपं बुडातून कुजली. हात लावला की अलगद वर येत, मुळांचा पत्ताच नाही.

ताई रागावल्या नाहीत. पायरीवर बसून त्यांनी समजावलं, की ते जाड पान हीच या झाडांची घागर. दिवसा ती पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री, गारव्याला उघडतात, म्हणून पाणी उडून जात नाही. मूळ ओल्या मातीत कोंडलं की मात्र गुदमरतं. मग दोघांनी माती बदलली. लाल माती थोडी, जाड वाळू आणि विटांचे खडे जास्त, बुडाचं भोक मोकळं, खाली थाळी नाही. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि घातलं तर भोकातून निथळेपर्यंत. आबांनी स्वतःची रीत काढली: कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तर तहान. आणि ताम्हिणीकडचा पाऊस म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको होतं. मृगाच्या आधीच कुंड्या पडवीत, पागोळ्या लागणार नाहीत पण ऊन मिळेल अशा.

झाडं सुधारली. आबा बिघडले. आठ-आठ दिवस झारीला हात नाही आणि एक तारखेला पैसे तेवढेच. अंगण दोनदा झाडायला लागले. एकदा मला म्हणाले, "न घातलेल्या पान्याचं पैसं घेतोय मी. ही चोरी नव्हं का?"

मी तेव्हा कॉलेजात, मला सगळंच सोपं वाटायचं. म्हटलं, "माळ्यावर राखणीला बसता. डुक्कर आलं नाही त्या रात्रीची राखण फुकट गेली का?"

"राखनीत जागं ऱ्हावं लागतं," आबा म्हणाले.

याचं उत्तर तेव्हा नव्हतं, आजही पुरतं नाही. कुंडी उचलून, पाणी न घालता परत ठेवणं हेही जागं राहणंच, असं मला वाटतं. पण काहीच न करणारे लोकही आपल्या आळसाला हेच नाव देतात. बांधावरच्या निवडुंगाला आम्ही पिढ्यान्पिढ्या पाणी घातलं नाही ते काही समजून नव्हे. तो चिवट होता, म्हणून आम्ही त्याच्याकडं बघितलंच नाही. (घरातल्या बायकांचंही तेच.) दोन्हीकडं पाणी नाहीच. फरक बघण्याचा, आणि तो बाहेरून दिसत नाही. मग त्याचा पगार ठरवायचा कसा?

आमच्याकडं कुठलाही प्रश्न शेवटी पाण्याशी येतो. 1921 साली सेनापती बापटांनी इथं सत्याग्रह केला, तरी धरण झालं. त्याचं पाणी डोंगरापलीकडं भिऱ्याला उतरतं, त्याची वीज होते, आणि वरच्या वाड्या उन्हाळ्यात कोरड्या. पुढच्या वैशाखात आबांनी भीत भीत विचारलं, "ताई, झाडांचं वाचलेलं पानी दोन हंडं घरी न्हेलं तर चालंल का?"

"अहो, विचारताय काय आबा!" ताई ओशाळल्याच.

हंडे घरी आले. आईनं ते चुलीपाशी घेतलं नाही. "आपल्याच रानातलं पानी मागून आनलं व्हय?" म्हणाली आणि म्हशीपुढं ठेवलं. आठवड्यानं दोन मैलांवरची विहीरही आटली, टँकर आला नाही, तेव्हा तिनं त्यातली एक कळशी मुकाट्यानं माजघरात नेली.

आमच्या चौकटीला दृष्टीसाठी कोरफड उलटी टांगलेली असे. ना माती, ना पाणी, तरी हिरवी. त्या संध्याकाळी आबांनी ती सोडवली आणि फुटक्या डब्यात वाळू-माती घालून लावली. चार दिवस गेले, पाणी नाही.

"लावलीया तर पानी तरी घाला," आई म्हणाली.

"बघतोय," आबा म्हणाले, आणि डबा उचलून पुन्हा जागेवर ठेवला.