धुळाक्षरे आणि वर्तमानपत्राचा कागद

'अक्षर' म्हणजे ज्याचे क्षरण, अर्थात नाश, होत नाही ते. मग दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणाऱ्या वर्तमानपत्रातून मुलांना अक्षर आणि अंक शिकवावेत काय, हा प्रश्न वरवर शैक्षणिक दिसला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. तेलंगणात पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या भैंसा येथे तो विशेष जवळचा ठरतो, कारण याच जिल्ह्यात गोदावरीकाठी बासरचे सरस्वतीमंदिर असून, मुलाच्या हातून पहिले अक्षर लिहवून घेण्याच्या अक्षराभ्यास विधीसाठी तेथे दूरदूरची कुटुंबे येतात.

छापील कागदाला पाय लागताच हात जोडणाऱ्या समाजाला अक्षरे शिकण्यासाठी त्याच कागदाला मुलांनी कात्री लावणे खटकते. परंतु अक्षराभ्यासात मूल तांदळात बोट फिरवून जे अक्षर काढते ते काही क्षणांत मोडते, आणि जुन्या शाळांतील धुळाक्षरे, म्हणजे पाटीवर धूळ पसरून गिरवलेली अक्षरे, पुसण्यासाठीच लिहिली जात. परंपरेने अक्षराचे पावित्र्य केवळ ज्यावर ते लिहिले त्या वस्तूत मानले नाही. ते शिकणाऱ्याच्या ठायी जागणाऱ्या अर्थात मानले. वैयाकरण भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अखंड वाक्यालाच अर्थाचा खरा आधार मानले आणि पदे व वर्ण हे त्याचे समजण्यासाठी पाडलेले भाग ठरवले. मथळ्यातून ओळखीचा शब्द व शब्दातून वर्ण वेगळा काढणारे मूल याच वाटेने जाते.

गणिताच्या बाबतीत हा विचार आणखी खोल जातो. बाजारभावाच्या स्तंभात कापसाचा दर क्विंटलला, म्हणजे शंभर किलोंना, दिलेला असतो; त्यावरून पस्तीस किलोंचे किती रुपये होतील हे काढणे म्हणजे त्रैराशिक, अर्थात तीन ज्ञात राशींवरून चौथी शोधणे. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलासाठी हे उत्तर घरच्या कष्टाचे मोल असते. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानली असून शब्दप्रमाणासाठी सांगणारा आप्त, म्हणजे विश्वसनीय, असावा अशी अट घातली आहे. छापलेला दर हे शब्दज्ञान, बाजारात दिसलेला दर हे प्रत्यक्ष. या दोहोंचा मेळ घालणाऱ्या मुलाला बेरीज-वजाबाकीबरोबर सत्याची पारखही शिकता येते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठी बोलला जाणारा भैंसा परिसर आंध्र प्रदेशात गेला आणि त्याच वर्षी राज्यघटनेत आलेल्या ३५०-अ अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्याचे दायित्व राज्यांवर टाकले. मात्र पाठ्यपुस्तकातील मराठीला रोजच्या व्यवहाराचे वारे लागावे, यासाठी मराठी वर्तमानपत्राइतके स्वस्त साधन दुसरे क्वचितच असेल. १८३२ मध्ये 'दर्पण' हे वृत्तपत्र सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर गणिताचेही अध्यापक होते, हे येथे स्मरणीय आहे.

म्हणून कागदाचा आदर तो जपून ठेवण्यात नाही, त्यातील प्रत्येक शब्द आणि अंक तपासून घेण्यात आहे. वर्तमानपत्राचा अंक रद्दीत जाईल. परंतु 'हे कोणी सांगितले, त्याला कसे कळले आणि हिशेब जुळतो का' असे विचारण्याची जी सवय मुलाला लागेल, ती न पुसणारी असेल आणि त्या अर्थानेच अक्षर ठरेल.