गाळलेलं पाणी आणि औषधाची गोळी

पाणी गाळून प्यायचं आणि गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे, ही शिकवण ज्या घरात आहे, त्या घरातल्या बाईने अँटिबायोटिकची गोळी कोणत्या मनाने घ्यायची? आपल्यातल्या पुष्कळ जणींना हा प्रश्न पडतो, पण विचारायचा संकोच वाटतो. डॉक्टर हसतील, मुलं चिडतील. कुणी जाणतं भेटलंच तर 'साधूंचा नियम वेगळा, गृहस्थाचा वेगळा' एवढं सांगून मोकळं होतं. उत्तर खरं आहे, पण त्याने मनाचं समाधान होत नाही.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हा प्रश्न उघड विचारतात. त्यांनी जन्मात विडी-तंबाखूला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून भाकऱ्या केल्या. शेणी, तुराट्या, ओलं लाकूड, जे मिळेल ते जाळलं. सत्तरीत छातीचं जुनाट दुखणं निघालं, सीओपीडी. वर्षातून दोन-तीनदा कफ हिरवा पडतो, धाप वाढते, गोळ्या सुरू होतात. तिसऱ्या दिवशी जरा उतार पडला की पुढची गोळी घ्यायला नको म्हणतात. "अगं, पोट भरायला आलेत बिचारे. बरं वाटतंय तर आणखी कशाला मारायचे?"

या 'बिचाऱ्यां'बद्दल मी मिळेल ते वाचलं. सीओपीडीत वारंवार सापडणारा एक जिवाणू म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झा. नावात इन्फ्लुएन्झा असला तरी फ्लू त्याच्यामुळे होत नाही. 1892 साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला तसं वाटलं म्हणून ते नाव पडलं. माणसाच्या फ्लूचा खरा विषाणू 1933 मध्ये सापडला. हा जिवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकाघशात काही त्रास न देता राहतो. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलून कफ आणि धूळ वर लोटतात. वर्षानुवर्षांच्या धुराने हे तंतू झडतात, कफ साचतो, आणि घशातला पाहुणा खाली उतरून मुक्काम ठोकतो.

मग आपलं शरीर त्याला हाकलत का नाही? तो अनेक प्रकारे निसटतो. पाहऱ्यावरच्या पेशी त्याला ज्या खुणांवरून ओळखतात, त्या अंगावरच्या खुणा तो बदलत राहतो. श्वासनळीच्या पाझरात आपली जी प्रतिपिंडं असतात, ती तोडणारा पदार्थ तो सोडतो. आपल्याच शरीरातली एक प्रकारची साखर उचलून अंगाला चिकटवतो, म्हणजे तो घरचाच वाटावा. कधी आपल्या पेशींच्या आत शिरून बसतो, कधी चिकट थर करून त्याखाली समूहाने राहतो. त्यात या आजारात जंतू गिळणाऱ्या पेशीच मंदावलेल्या असतात.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते पुढच्या गोष्टीने. शत्रू सापडत नाही म्हणून शरीर आणखी आणखी पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या जी तीव्र द्रव्यं सोडतात, त्यांनी श्वासनळीचीच भिंत झिजते, उरलेले तंतूही थकतात, कफ वाढतो. वाढलेल्या कफात जिवाणूचं आणखी फावतं. घरात चोर शिरला म्हणून आपणच घरावर दगड मारत बसावं, तसं हे होतं.

आता आत्याबाईंचा प्रश्न. त्यांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं. जिवाणू कपट करत नाही. कपटाला मन लागतं, हेतू लागतो. 'फसवतो', 'लपतो' हे आपले शब्द. तो फक्त जगतो. म्हणून त्याच्यावर राग धरायचं कारण नाही. पण राग नाही म्हणून औषध नाही, हे मात्र मला पटत नाही. आपल्या शास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत ठरवून केलेली हिंसा वेगळी आणि स्वतःच्या बचावासाठी घडलेली वेगळी. तत्त्वार्थसूत्रातही हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हाच शब्द पुढे ठेवला आहे.

आणि अर्धवट सोडलेली गोळी हा प्रमादच. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो, तो मनाने थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती मरते. या मरणाला जबाबदार कोण? फ्लेमिंग यांचं उत्तर स्पष्ट होतं: नवरा, त्याच्या निष्काळजी वापरामुळे.

ही गोष्ट मी आत्याबाईंना सांगितली. म्हटलं, "तुम्ही तीन दिवसांत थांबता तेव्हा दुबळे मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढच्या वेळी डॉक्टर याहून जहाल औषध देणार, म्हणजे जीव जास्तच जाणार. आणि हे चिवट जंतू उद्या नातवाला लागले तर?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे थोडी हिंसा करायला गेले आणि जास्त झाली म्हण की."

तरी त्यांच्या मनातली ती टोचणी मला मोलाची वाटते. साध्या सर्दीला, फ्लूला ही गोळी उपयोगाची नसते. तरी कितीजणी दुकानातून आपल्या मनाने आणून घेतात. गोळी हातात घेताना 'यात जीव जाणार आहेत' एवढं ज्या बाईच्या मनात येईल, ती उगाच घेणार नाही. डॉक्टरांनी सांगितली तरच घेईल, आणि सांगितली तितके दिवस घेईल.

आपली अहिंसा मात्र गोळीच्या आधी सुरू व्हायला हवी. चुलीचा धूर निघून जायला वाट ठेवली असती, तर आमच्या आत्याबाईंच्या छातीत या जिवांना थाराच मिळाला नसता आणि मारायची वेळही कमी आली असती. निपाणी भागातल्या तंबाखूच्या वखारींत ज्या बायकांनी आयुष्यभर ती धूळ अंगावर घेतली, त्यांच्याही छातीचा विचार पाणी गाळून पिणाऱ्या आपण करायला हवा. गाळणं पाण्याला लावतो, तसं श्वासालाही लागतं. आज कुणाच्या घरी चुलीचं खोपट अजून धुराने कोंडत असेल, तर तिथे एक खिडकी पाडून देणं हेही मी व्रतातच धरीन.