मागील काच

मनुष्याच्या सदाचाराची परीक्षा मोठ्या प्रसंगीच होते, असा एक समज आहे. वस्तुतः मोठे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात, आणि ते येतात तेव्हा मनुष्य सावध असतो. ज्या ठिकाणी तो सावध नसतो असे प्रसंग बाजारात, घरात, हजारपाचशे रुपयांच्या व्यवहारात नित्य येत असतात. तेथे तो जसा वागतो तसाच तो असतो. असा एक लहानसा प्रसंग येथे विचारासाठी घ्यावयाचा आहे. तो म्हणजे मोबाइल फोनची फुटलेली मागील काच बदलण्याचा.

लखनौ शहरातील अमीनाबाद ही जुनी पेठ. अवधचे नवाब अमजद अली शाह यांचे वजीर अमीनुद्दौला यांचे नाव तिला मिळाले आहे. चिकनच्या कापडासाठी ही पेठ प्रसिद्ध आहे. गडबडझाला नावाच्या गल्लीत बांगड्या आणि स्त्रियांच्या शृंगाराच्या वस्तू विकल्या जातात. काळ बदलला तशी या दुकानांच्या जोडीला मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांची छोटी दुकानेही आली. अशा एका दुकानापुढे एक वृद्ध गृहस्थ उभे आहेत, अशी कल्पना करावी. त्यांचे वडील पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली लखनौत स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयात शिकण्यासाठी महाराष्ट्रातून आले आणि येथेच राहिले. नातवाच्या हातून फोन जिन्यावरून पडला आणि मागील काचेला जाळ्यासारखे तडे गेले. फोन तीन वर्षांचा आहे. तो दुरुस्त करून शेजारच्या एका मुलीला विकावयाचा, असे घरात ठरले आहे. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. हात सतत ओले असतात, म्हणून पाण्याने न बिघडणारा फोन तिला हवा आहे.

फोनच्या पाठीला काच कशासाठी, हा प्रश्न कोणालाही पडेल. आयफोन ४ या फोनची पाठ २०१० साली काचेची होती, तेव्हा त्यात शोभेचा भाग मोठा होता. पुढे तारेवाचून विद्युत्‌भारण करण्याची सोय आली. त्यात एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्राच्या द्वारे शक्ती जाते. धातूची पाठ तिला अडवते, काच अडवीत नाही. म्हणून २०१७ सालच्या आयफोन ८ मध्ये काचेची पाठ पुन्हा आली, आणि इतर कंपन्यांच्या महाग फोनांतही ती रूढ झाली. सोय वाढली, पण पडल्यावर फुटणारी बाजू एकाच्या दोन झाल्या.

ही काच बदलणे दिसते तितके सोपे नाही. कित्येक फोनांत ती गोंदाने बसविलेली असते. पाठीला बेताने उष्णता देऊन, चूषकाने ओढून आणि पातळ पट्टी फिरवून ती सोडवितात. आयफोन ८ पासून पुढील काही वर्षांच्या फोनांत ती चौकटीला इतकी घट्ट चिकटविलेली असे, की कारागीर लेसर यंत्राने खालचा थर जाळून मग काचेचे तुकडे खरवडून काढतात. २०२२ सालच्या आयफोन १४ मध्ये मागील काच वेगळी काढता येईल अशी रचना करण्यात आली. परंतु फोन कोणताही असो, आत लिथियमची बॅटरी असते. तिला अवजार टोचले किंवा फार उष्णता लागली तर ती पेट घेऊ शकते. जवळच कॅमेऱ्याची भिंगे आणि भारणाचे वेटोळे असते. शिवाय कारखान्यात पाणी आत जाऊ नये म्हणून जी सीलबंदी केलेली असते, ती फोन उघडताच तुटते. ‘आय.पी. ६७’ या मानांकनाचा अर्थ एक मीटर पाण्यात तीस मिनिटे टिकणे असा आहे. दुरुस्तीनंतर गोंद कितीही चांगला लावला, तरी तपासणीवाचून ते मानांकन कायम राहिले असे म्हणता येत नाही.

अमीनाबादेतील आपला कल्पित कारागीर प्रामाणिक आहे. तो म्हणतो, “बाबूजी, काच अशी बसवीन की कोणाला ओळखू येणार नाही. पण यापुढे याला पाण्यापासून जपा. पहिल्यासारखे पाणी अडेल, याची हमी मी देणार नाही.” त्याने आपले कर्तव्य केले. मजुरी घेऊन फोन दिला. पाठ नव्यासारखी चकचकीत दिसू लागली.

खरा प्रश्न आता घरी उभा राहतो. मुलगा म्हणतो, “बाबा, फोन चांगला चालतो. काच नवी आहे, हेही खरेच आहे. पाण्याचे तिने विचारले तर सांगू; आपण होऊन कशाला सांगायचे?” वृद्ध गृहस्थ काही बोलत नाहीत. न सांगणे हे असत्य आहे काय? प्रश्न एवढाच आहे.

महाभारताच्या द्रोणपर्वातील कथा सर्वांना ठाऊक आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, म्हणजे युधिष्ठिराचे शब्द शब्दशः खोटे नव्हते. तरी ‘हत्ती’ हा भाग ऐकू जाऊ नये असा तो उच्चारला गेला, आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भूमीला टेकला. व्यासांनी येथे सत्याचे माप शब्दांवर ठेवलेले नाही. ऐकणाऱ्याच्या मनात कोणती समजूत उत्पन्न व्हावी अशी बोलणाऱ्याची इच्छा होती, त्यावर ठेवले आहे. ‘काच नवी आहे’ हे वाक्य खरे आहे. परंतु ते ऐकून मुलीने ‘म्हणजे फोन पूर्वीसारखाच आहे’ असे समजावे, या हेतूने ते उच्चारले तर त्याची जात त्या अर्धवट उच्चारलेल्या शब्दाचीच होते.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक दुरुस्तीचा डंका पिटावा काय? लखनौचा रफूगर शालीचे भोक असे विणतो की टाका दिसू नये. न दिसणे हेच त्याच्या कलेचे वैभव आहे. तो फसवितो काय? नाही. रफू केलेली शाल पांघरून लग्नास जाणाऱ्याने पाहुण्यांना रफू दाखविण्याचे कारण नाही. त्या ज्ञानावर पाहुण्यांचे काही अवलंबून नाही. पण तीच शाल तो विकू लागला तर घेणाऱ्याला रफू दाखविणे त्याला प्राप्त आहे. भेद लपण्यात नाही, नात्यात आहे. जी गोष्ट कळली असता समोरच्याचा निर्णय बदलला असता किंवा त्याने दिलेली किंमत बदलली असती, ती त्याची आहे. ती अडवून ठेवणे म्हणजे त्याची वस्तू अडवून ठेवणे होय. चिकनच्या उलट्या बखियेत धाग्यांचे मुख्य काम कापडाच्या मागील बाजूस असते. म्हणून जाणकार ग्राहक कापड उलटून पाहतो. ज्याला उलटून पाहणे जमत नाही, त्याच्यासाठी विकणाऱ्यानेच ते उलटून दाखवावे.

दुसरी शंका अशी की, फोन पाण्यात पडेलच असे थोडेच आहे? नसेलही. परंतु जोखीम उचलावी की नाही हे ठरविण्याचा अधिकार जिच्यावर ती येणार तिचा आहे. त्या मुलीचे हात दिवसभर ओले असतात. शिष्यवृत्तीतून वाचविलेले पैसे ती देणार आहे. आपल्या दृष्टीने जी शक्यता दूरची, ती तिच्या दृष्टीने रोजची आहे.

तिसरी शंका व्यवहाराची. सगळा बाजार असाच चालतो. एकट्याने हरिश्चंद्र होऊन काय साधते? येथे शांतिपर्वातील तुलाधाराचे स्मरण व्हावे. जटांत पक्ष्यांनी घरटे करीपर्यंत निश्चल राहिलेला तपस्वी जाजली धर्म शिकण्यासाठी ज्याच्याकडे गेला, तो काशीचा एक दुकानदार होता. त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता, एवढीच त्याची विद्या. बाजारात राहून हे करता येते, म्हणूनच ती विद्या गृहस्थाच्या कामाची.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून दाखविणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैमध्ये समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. परंतु शेजाऱ्याच्या ओसरीवर जो व्यवहार होतो तेथे कायदा क्वचित पोहोचतो. तेथे पहारा अंतःकरणाचाच.

या मौनाची आणखी एक हानी आहे. एकट्या २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा झाला, आणि त्यातील चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याची रीतसर पुनर्वापरासाठी नोंद झाली. अशा काळात वस्तू टाकून न देता दुरुस्त करणे हा संयमच आहे. पण दुरुस्त वस्तू घेऊन एकदा फसलेला मनुष्य पुन्हा दुरुस्तीच्या वाटेला जात नाही. तो नवी वस्तू घेतो. एका घराने लपविलेल्या गोष्टीची किंमत शेवटी अमीनाबादच्या त्या प्रामाणिक कारागिराच्या पोटावर येते.

म्हणून गृहस्थाने काय करावे? दुरुस्तीस देताना काच मूळ कंपनीची की नकली, पाण्यापासूनचे संरक्षण राहील की नाही, हे आधी विचारावे. केवळ मागील काच बदलण्यासाठी फोनचा गुप्त संकेत देण्याचे कारण नाही. काम झाल्यावर कॅमेरा, आवाज आणि विद्युत्‌भारण स्वतः समोर तपासून घ्यावे. कारागिराने खरे सांगितले, तर त्यासाठी त्याच्याशी भाव करू नये. आणि वस्तू दुसऱ्याला देताना, आपल्याला जे सांगण्यात आले ते त्याला सांगावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना सत्याबरोबर प्रिय आणि हितकर यांचाही उल्लेख आहे. तेव्हा हे सांगणे घाबरविणारे नसावे, उपयोगी असावे.

त्या घरात संध्याकाळी शेजारची मुलगी पैसे घेऊन आली, असे समजावे. वृद्ध गृहस्थ फोन उलटा करून तिच्या हाती देतात आणि म्हणतात, “बाळ, ही बाजू आधी पाहा. जिन्यावरून पडून फुटली होती. काच नवीन बसविली आहे. पाण्यापासून मात्र हा आता जपावा लागेल. घ्यायचा की नाही ते विचार करून सांग. घेतलास तर दीड हजार कमी दे.” ती फोन घेईल किंवा घेणार नाही. मुलगा क्षणभर खाली पाहील. दाराशी उभा असलेला नातू मात्र सारे ऐकत असेल. फोन त्याच्याच हातून पडला होता, आणि पडलेली गोष्ट कशी उचलावयाची हे त्याला त्या दिवशी कळलेले असेल.